खाली लागणारी मोटार आणि रत्नागिरीची वाट

"खाली लागली!" हे दोन शब्द रत्नागिरीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. मारुती मंदिराच्या बाजूने एखादी नवीकोरी स्पोर्ट्स कार येते, गतिरोधकापाशी दबकते, तिरकी होऊन एकेक चाक वर घालते आणि तरीही पोटाखालून खर्र असा आवाज येतो. पानपट्टीवरची माणसे न बघताच निदान करतात. मालकाचा चेहरा पडतो.

विशेष हे, की अशा मोटारींतल्या काही कारखान्यातून इतक्या खाली आलेल्या नसतात. एमएच-०८ ची पाटी लागल्यावर त्या मुद्दाम खाली बसवलेल्या असतात. मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालायच्या, किंवा उंची कमीजास्त करता येणारा शॉकअपचा संच बसवायचा, आणि चाक व मडगार्ड यांतली फट मिटवायची. तरुणांच्या भाषेत हे 'लोअरिंग'. वडीलधाऱ्यांच्या भाषेत ही पैशाची मस्ती.

या वादात दोन्ही बाजू इतिहास विसरतात. मोटार खाली आणण्याच्या इच्छेला शंभर वर्षांहून मोठी, बुद्धिमान परंपरा आहे. तिला मस्ती म्हणणे अन्यायाचे आहे. आणि तरीही रत्नागिरीत नवी स्पोर्ट्स कार खाली बसवणे चूकच आहे. त्याचे कारण त्या परंपरेतच सापडते, आणि त्याहून स्पष्टपणे कोकणच्या जुन्या दळणवळणात. हा धागा त्या कारणाचा.

प्रथम इच्छेची बाजू. वळणावर मोटारीचे वजन बाहेरच्या चाकांकडे सरकते. किती सरकते, हे वेग आणि वळणाची तीव्रता यांबरोबरच आणखी दोन गोष्टींवर ठरते : गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये अंतर किती आहे. गुरुत्वमध्य खाली आणला की वजन कमी सरकते, चारही टायर आपापला वाटा उचलतात. शिवाय पोटाखालून कमी हवा जाते. शास्त्र पक्के आहे. मग आरंभीच्या मोटारी उंच का होत्या?

कारण रस्ता. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीचे पोट जमिनीपासून सुमारे १० इंच वर होते. अमेरिकन खेड्यांतल्या वाटांवर घोडागाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या असत. दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा मोटारीच्या पोटाला लागू नये, एवढा साधा हिशेब त्या उंचीमागे होता.

त्याच सुमारास इंडियानापोलिसच्या एका कंपनीने 'अमेरिकन अंडरस्लंग' नावाची मोटार काढली. इतरांची चौकट आसांच्या वर बसे, या मोटारीची चौकट आसांच्या खाली टांगलेली होती. दिसायला ती जमिनीला चिकटून धावणारी वाटे. पण तिची चाके होती ४० इंची, जवळजवळ बैलगाडीच्या तोलामोलाची! चौकट खाली आणली, पण पोटाखालची मोकळी जागा जाऊ दिली नाही. तो अभियंता देखणेपणाचा भुकेला असेल, रस्त्याशी मात्र त्याने खोटेपणा केला नाही.

रस्ते सुधारत गेले तशी मोटार खाली येत गेली. १९२२ च्या पॅरिस प्रदर्शनातली लान्सिया लॅम्डा, १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्सिओं आव्हां या मोटारी जमिनीजवळ बसल्या, कारण त्यांत वेगळी जड चौकट उरली नव्हती. आणि त्या खपल्या, कारण त्यांच्या पुढ्यात डांबरी रस्ता अंथरला जात होता. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी रस्ता, मग मोटार.

हौसेने मोटार खाली बसवण्याचा खरा इतिहास मात्र कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांमध्ये घडला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांनी जुन्या शेवरोले घेतल्या, स्प्रिंगा कापल्या, डिकीत वाळूची पोती टाकली आणि गाड्या जमिनीलगत आणल्या. त्यांना वेग नकोच होता. हळू जायचे, दिसायचे, आपल्या रस्त्यावर आपण आहोत हे सांगायचे. १९५८ पासून तिथे कायदा लागू झाला : मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली असता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अगिर्रे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. पोलीस दिसला की कळ दाबायची, गाडी वर. पोलीस गेला की पुन्हा खाली. ते कलम रद्द होऊन १ जानेवारी २०२४ पासून बंदी उठली. पासष्ट वर्षांहून अधिक काळ एका समाजाची हौस गुन्हा ठरली होती. आपल्याकडे 'पोरांचे चाळे' म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

शर्यतीच्या मैदानावरही असाच खेळ रंगला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोटसने मोटारीच्या पोटाचा आकार असा घडवला की खालून वाहणारी हवाच तिला जमिनीकडे ओढू लागली. पोट जितके जवळ, तितकी ओढ जास्त. वेग धोकादायक वाढला तेव्हा १९८१ मध्ये नियम झाला, की मोटार आणि जमीन यांत किमान ६ सेंटिमीटर अंतर हवे. पण मोजमाप होणार मोटार उभी असताना! ब्रॅबहॅम संघाच्या गॉर्डन मरे यांनी ती फट हेरली. त्यांची मोटार उभी असताना ६ सेंटिमीटर भरे. वेग घेतला की हवेच्या दाबाने खाली बसे आणि मंदावली की पुन्हा वर येई. त्या वर्षीचे विजेतेपद ब्रॅबहॅमच्याच नेल्सन पिकेकडे गेले.

१९९४ च्या मे महिन्यात आयर्टन सेनाचा इमोला येथे मृत्यू झाला. त्यानंतर मोटारींच्या पोटाला १० मिलिमीटर जाडीची फळी लावणे सक्तीचे झाले. फळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे घासली, तर मोटार फार खाली होती असा अर्थ. त्याच वर्षी बेल्जियमची शर्यत जिंकलेल्या मायकेल शूमाकरला याच कारणाने बाद ठरवले गेले. म्हणजे आरशासारख्या गुळगुळीत, रोज झाडल्या जाणाऱ्या मार्गावरही पोट आणि जमीन यांच्यामध्ये किमान काही राखावे लागते, हे जगातल्या सर्वांत वेगवान माणसांनाही शिकावे लागले.

आता कोकणाकडे. येथे 'तळ किती खाली असावा' हा प्रश्न मोटारीच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. फक्त तो पाण्यात विचारला गेला.

सह्याद्री एका बाजूला, समुद्र दुसऱ्या, मध्ये खाड्या आणि सडे. या पट्ट्यात चाक उशिरा आले. माल घाटावर जाई तो बैलांच्या पाठीवरून. गावातून गावात माणसे जात ती पाखाड्यांनी, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून. पाखाडीवर गाडी चालत नाही. कुंभार्ली, आंबा, फोंडा हे घाट गाडीरस्ते झाले ते एकोणिसाव्या शतकात. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले ते समुद्रमार्गे. आडबाजूला असणे हाच या गावाचा गुण सरकारला हवा होता. खरा हमरस्ता पाण्याचा होता. त्या हमरस्त्यावर तळ लागणे म्हणजे जहाज गमावणे.

आंग्र्यांच्या आरमारातली गुराबे आणि गलबते पाहावीत. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म त्यांचे वर्णन करताना नेमकी हीच गोष्ट टिपतो. तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे ३०० टनांचे, दोन डोलकाठ्यांचे १५० टनांपर्यंतचे. लांबीच्या मानाने रुंद आणि फार थोड्या पाण्यात तरंगेल अशी बांधणी. गलबते त्याहून लहान, ७० टनांच्या आतली, वल्ह्यांनी चालणारी. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, भरतीनुसार खोली बदलते. त्या पाण्यात खोल तळाचे जहाज बाहेर ताटकळते आणि उथळ तळाचे आत जाते. कान्होजींच्या माणसांनी ही उंची कोणाच्या आवडीने ठरवली नव्हती. ती दांड्याने ठरवली होती.

या विवेचनाला एक अपवाद आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. विजयदुर्गाच्या बंदरात पाणी खोल आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची मोठमोठी लढाऊ जहाजे किल्ल्याच्या माऱ्याच्या टप्प्यात आली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पण त्याआधी, डिसेंबर १७५५ मध्ये, कमोडोर जेम्स तिथे जाऊन पाण्याची खोली मोजून आला होता. खोल तळाची जहाजे आत घालण्यापूर्वी इंग्रजांनी दोर सोडून तळ तपासला. आंग्र्यांच्या पराभवाची मोठी कारणे अर्थातच राजकीय होती, तो वेगळा धागा होईल. येथे एवढेच पुरे, की जिंकणाऱ्यानेही आधी जमीन पाहिली.

पुढे आगबोटींचे दिवस आले. मुंबईहून निघालेली बोट कोकणातल्या बहुतेक बंदरांत धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत आणि ट्रंका, पोरेबाळे, आंब्याच्या पेट्या यांची चढउतार लाटांवर हेलकावत होई. आजोबा-पणजोबांच्या आठवणींतली ती पडावाची भीती म्हणजे दोन तळांमधला फरक होता. मोठे, वेगवान, देखणे वाहन दारापर्यंत पोहोचत नव्हते.

आज दार बदलले आहे. जमीन तीच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डांबराखाली पाणी शिरते, खडी सुटते, काल भरलेला खड्डा आज पुन्हा उघडतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला दशकाहून अधिक काळ लोटला. कुठे उत्तम काँक्रीट, कुठे अचानक वळणमार्ग, कुठे नवा आणि जुना थर यांत बोटभर पायरी. हातखंब्याच्या तिठ्यावरून गावाकडे वळले की चढउतार सुरू होतात. आरे-वारेचा सागरी रस्ता स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत शोभेल असा आहे, पण त्याच्या कडेला उतरताना जांभ्याचा खडक वाट पाहत असतो. वाडीत शिरणाऱ्या घाट्यांचे चढ तर असे, की पायथ्याशी नाक घासते आणि माथ्याशी पोट.

गतिरोधकांची तऱ्हा निराळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. इतक्या सौम्य उंचवट्यावरून बरीच खाली बसलेली मोटारही सावकाश निघून जाते. अडचण होते ती दोन फुटांत चढून उतरणाऱ्या, कडक पाठीच्या उंचवट्यांची. त्यांवर स्पोर्ट्स कारचे मालक चिडतात, आणि मापाच्या दृष्टीने त्यांचे चिडणे योग्यच आहे. मात्र शाळेसमोरचा, वाडीच्या तोंडाशी असलेला तो बेढब उंचवटा बहुधा हौसेने झालेला नसतो. त्यामागे कोणाचे तरी मोडलेले हाड, कधी त्याहून वाईट काही असते, आणि अर्ज करून थकलेले ग्रामस्थ असतात. लोअरिंगचा शौक माणसाला नकळत या ग्रामस्थांच्या विरुद्ध बाजूला उभा करतो. येथे प्रश्न बंपरवरच्या ओरखड्याचा राहत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहावा. एखाद्या स्पोर्ट्स कारचे पोट कारखान्यातून १२० मिलिमीटर उंच आले. लोअरिंगमध्ये ४० गेले, उरले ८०. चतुर्थीला दोन माणसे, भरलेली टाकी आणि गच्च डिकी यांनी स्प्रिंगा आणखी २० मिलिमीटर दबल्या, तर उरले ६०. म्हणजे सहा सेंटिमीटर. १९८१ मध्ये शर्यतीच्या मोटारींना सक्तीचे केलेले अंतर नेमके तेवढेच, आणि त्या मोटारींना हातखंबा ओलांडायचा नव्हता.

बरे, एवढे करून वळणावरची पकड तरी वाढते का? नेहमी नाही. पुष्कळ मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचा खांब असतो. अशी मोटार खाली आणली की गुरुत्वमध्य थोडा उतरतो, पण ज्या काल्पनिक बिंदूभोवती मोटार वळणावर कलते तो बिंदू त्याहून अधिक उतरतो. दोहोंतले अंतर वाढते आणि मोटार कमी कलण्याऐवजी जास्त कलू पाहते. ते दाबण्यासाठी स्प्रिंगा आणखी कडक कराव्या लागतात. कडक स्प्रिंगांची मोटार खडबडीत रस्त्यावर उड्या मारते, आणि उडालेल्या टायरला पकड शून्य. ग्राइंडरने मूळ स्प्रिंगेची दोन वेढी कापणे हा तर सरळ आत्मघात आहे. खड्ड्यात चाक लोंबकळले की कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू शकते.

याहून विसंगत गोष्ट अशी, की अनेक परदेशी कंपन्या भारतात विकायच्या मोटारींचे सस्पेन्शन मुद्दाम थोडे उंच करून पाठवतात. म्हणजे या रस्त्यासाठी कोणीतरी केलेले काम असते, आणि लोअरिंग नेमके तेच पुसते. दिलीप छाब्रिया यांची अवंती ही २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात झळकलेली भारतीय स्पोर्ट्स कार. तिचे पोट सुमारे १७० मिलिमीटर उंच, साध्या कुटुंबाच्या मोटारीइतके. तिच्या गुणदोषांवर वाद घालता येईल, पण त्या आकड्यात इथल्या रस्त्याची ओळख होती. पोर्शसारखी कंपनीही ९११ चे नाक सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी यंत्रणा विकते, आणि कोणत्या ठिकाणी नाक उचलायचे हे ती मोटार उपग्रहाच्या साहाय्याने लक्षात ठेवते. जिथे मालक मोटार खाली बसवायला पैसे मोजतो, तिथे निर्माता ती वर उचलण्यासाठी पैसे घेतो!

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीविना फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. 'पोटाची उंची नोंदणीपुस्तकात कुठे लिहिलेली असते?' हा युक्तिवाद गॅरेजात चालतो. अपघातानंतर विमा कंपनीसमोर तो चालेल, यावर कोणी शहाणा माणूस पैज लावणार नाही.

तेव्हा ज्याला खरोखर खाली बसलेली मोटार चालवायची आहे, त्याने चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचा कारी मार्ग गाठावा. तिथे जमीन त्या कामासाठीच तयार केलेली आहे. रत्नागिरीत राहून ज्याला हौस भागवायची आहे, त्याने उत्तम टायर, उत्तम ब्रेक आणि मूळ उंचीवरच बसणारे चांगले शॉकअप यांवर पैसा घालावा. आरे-वारेच्या ओल्या वळणावर फरक त्यांनी पडतो. आणि चाक व मडगार्ड यांतली फट डोळ्यांना खुपत असेल, तर तिच्याकडे गुराबाच्या उथळ तळाकडे पाहावे तसे पाहावे. तीही या भूगोलानेच ठरवलेली आहे.

रस्ता चांगला मागण्याचा हक्क मात्र सोडू नये. काँक्रीटचा थर सपाट हवा, गतिरोधक मापाचा हवा, ही मागणी स्पोर्ट्स कारवाल्याची आहे तितकीच रुग्णवाहिकेची आणि तिच्यात झोपवलेल्या बाळंतिणीची आहे. खाली बसवलेली मोटार घेऊन ती मागणी केली की ऐकणारा हसतो. मूळ उंचीच्या मोटारीतून केली की त्याला उत्तर द्यावे लागते.

तोवर चतुर्थीला एक दृश्य घडतच राहील. झगझगीत, जमिनीला टेकलेली मोटार घाटीच्या तोंडाशी उभी केली जाते. पुढे चढ आहे, त्यावर पावसाने उघडे पडलेले चिरे आहेत. गावातली रिक्षा बोलावली जाते. पिशव्या, फुलांची परडी, शेवटी दोन्ही हातांत सांभाळून धरलेली मूर्ती असे एकेक करून मोटारीतून रिक्षात जाते, आणि खडखडत, हेलकावत ती रिक्षा घरापर्यंत नेते. शंभर वर्षांपूर्वी हेच काम पडाव करीत होता.